जुन्या वाड्याचं सागवान, नवं सागवान की लोखंडी गर्डर?

अमळनेर, पारोळा, चोपड्याकडची धाब्याची जुनी घरं पडतात, तेव्हा त्यांच्या तुळया, सरे (तुळयांवर आडवी टाकलेली छोटी लाकडं) आणि खांब वखारीत घनफुटावर विकले जातात. त्यातलं कितीतरी लाकूड चिरून फर्निचर होतं. मला याचं वाईट वाटतं, कारण हे लाकूड अजून छत पेलू शकतं. मात्र ते पारखून घ्यावं लागतं.

नव्या सागवानाचा मोठा फायदा म्हणजे हवं ते माप मिळतं. पण म्यानमारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि आज बाजारात लागवडीचा माल बराच असतो. कमी वयात तोडलेल्या झाडात गाभा कमी, बाहेरचं पांढरं लाकूड जास्त. वाळवी आधी तिथेच लागते. शिवाय लाकूड ओलं राहिलं असेल तर खान्देशातल्या मे महिन्यात पिळतं, तडकतं.

जुनी तुळई पुरती वाळलेली असते. तिची पहिली तपासणी भिंतीत गाडलेल्या टोकांची करा. कूज तिथेच धरते. दाभण सहज आत गेलं तर तेवढं टोक कापायचं, म्हणजे लांबी घटली. मग जाडी. 10 इंच उंचीची तुळई रंधून 9 इंच झाली की ताकद उरते सुमारे 81 टक्के, आणि वाकण्याला होणारा विरोध फक्त 73 टक्के. जुन्या मापावर हिशोब धरू नका. बाक आलेली तुळई उलटी बसवायचा मोह होतो, पण सऱ्यांच्या वरच्या खाचा मग खाली, म्हणजे भाराने लाकूड ओढलं जातं त्या ताणाच्या बाजूला येतात. मधोमध खाच असेल तर ती तुळई उलटू नका.

गर्डरचं गणित सोपं, लांब गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) तोच बरा. आगीत मात्र सुमारे 550 अंश सेल्सिअसला पोलादाची निम्मी ताकद जाते. जाड तुळई बाहेरून मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आतच जळते, आतलं लाकूड तोवर भार धरून असतं.

माझं मत स्पष्ट आहे. खोल्या, ओसरी, माळा अशा आखूड गाळ्यांना जुनं सागवान. मोठ्या हॉलला गर्डर. नवं सागवान दारं-खिडक्यांना ठेवा. जुनं सागवान असो की गर्डर, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवीच. चिरण्याआधी प्रत्येक खिळा काढून घ्या, नाहीतर आरागिरणीवाला माल घेणार नाही. गाडी भरण्याआधी वाडामालकाची विक्रीपावती घ्या आणि वाहतूक परवान्याचं वन विभागात विचारून घ्या.