जीएलपीआय: सीपीयूच्या आत काय हाय ते सांगतंय, सीपीयू कुठं हाय ते नाही

जीएलपीआय म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर, ते मी का टाकलं ते सांगतो. कोल्हापुरात शाहूपुरीत व्हीनस कॉर्नरजवळ आमचं हेड ऑफिस आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंगचा प्लांट, दोन्हीकडचे मिळून 58 कॉम्प्युटर. आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एक ट्रेनी पोरगं, त्यालाबी महिनाअखेरीला टॅलीच्या एंट्र्या मारायला पळवतात. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी ऑफिसात शिरलं, तळमजल्यावरची मशीनं गेली, आणि विम्याचा सर्व्हेअर आल्या आल्या म्हणाला सिरियल नंबरची लिस्ट द्या. लिस्ट होती की, कुणीतरी कधीकाळी केलेली एक्सेल, त्यात लिहिलेलं "एचपी काळा, जीएम साहेबांच्या केबिनमधला". साहेब रिटायर होऊन चार वर्षं झालेली, एचपी कुठं गेला देवाला माहीत. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा निदान सीपीयू वेळेत माडीवर नेले, पण लिस्ट तीच.

मग विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार म्हणून मालकांनी विचारलं, "किती मशीनं बदलायला लागतील?" मी म्हटलं बघून सांगतो. आता 58 ठिकाणी जाऊन खोलून बघत बसायचं का, म्हणून जीएलपीआय टाकलं.

हे मूळचं फ्रेंच सॉफ्टवेअर, 2003 पासनं हाय, ओपन सोर्स, स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर फुकट. आधी यात हार्डवेअरची माहिती आपोआप आणायला फ्यूजनइन्व्हेंटरी नायतर ओसीएस असलं दुसरं सॉफ्टवेअर जोडायला लागायचं, 2022 च्या व्हर्जन 10 पासनं ते आतच आलं. प्रत्येक कॉम्प्युटरवर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्राम टाकायचा, तो दिवसातनं एकदा प्रोसेसर, रॅमच्या कांड्या, डिस्क, मॉनिटरचा सिरियल, टाकलेली सॉफ्टवेअर सगळं सर्व्हरला कळवतो. एवढंच काम, पण लई भारी करतो.

सर्व्हरसाठी पडून असलेल्या एका आय3 वर उबुंटू, अपाचे, पीएचपी, मारियाडीबी, एक रविवार गेला. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे त्याचे जे चार तयार अकाउंट येतात त्यांचे पासवर्ड बदला, सगळ्या जगाला माहीत हायत ते. आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती म्हणून तुम्हाला सांगतो, इन्व्हेंटरी, म्हणजे एजंटनं पाठवलेली माहिती, घेणं सुरुवातीला बंदच असतं, ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जाऊन टिक करायला लागतं. मी अर्धा दिवस केबल, फायरवॉल, अँटीव्हायरस सगळ्यांना शिव्या घालून झाल्या आणि मग ती टिक दिसली.

डोमेन, म्हणजे सगळी मशीनं एका जागेवरनं सांभाळायची सोय, आमच्याकडं नाही, त्यामुळं पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलाला. इन्स्टॉलर एका ओळीच्या कमांडनं गुपचूप बसतो, सर्व्हरचा पत्ता त्यातच द्यायचा, मशीनमागं दोन मिनिटं. लगेच माहिती पाठवायची असेल तर त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये 62354 पोर्ट उघडायचा आणि बटन दाबायचं. लॅबमधल्या स्पेक्ट्रोमीटरच्या पीसीला नेटवर्कच नाही, तिथं पोर्टेबल एजंट पेनड्राइव्हवरनं चालवला, फाइल आणली आणि सर्व्हरवर चढवली. अकाउंट्समधल्या मॅडम म्हणाल्या, "काय हो, आमच्यावर नजर ठेवायला लागलाय का?" म्हटलं नाही मॅडम, तुम्ही काय बघताय ते त्याला दिसत नाही. काय काय टाकलंय ते दिसतंय, हे हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन मशीनवरनं गेम गायब.

आता खरी गंमत. 58 ठिकाणी एजंट टाकला आणि लिस्टमध्ये मशीनं 41! ब्रँडेड सगळी बरोबर, घोळ असेंबल केलेल्यांचा. ब्रँडेड मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, कंपनीनं सिरियल नंबर भरलेला असतो, पण असेंबल मशीनला तो भरणार कोण? तिथं "टू बी फिल्ड बाय ओईएम" (म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनं भरायचं) नायतर "डिफॉल्ट स्ट्रिंग" असलं कायतरी असतंय, आणि आमच्या एका लॉटमध्ये तर सगळ्या बोर्डांवर एकच आकडा. जीएलपीआयला वाटलं हे एकच मशीन, सारखं सारखं येतंय, त्यानं सगळी एकात घातली. यावर इलाज म्हणजे त्यातली ब्लॅकलिस्ट, असले खोटे सिरियल तिथं टाकायचे, नेहमीचे बरेच आधीच असतात, आमचा आकडा नव्हता. तो टाकला, गोळा झालेली एंट्री उडवली, परत पाठवलं, 58 आली. एकच यूएसबी लॅन डोंगल दोन लॅपटॉपला आलटून पालटून लावत असाल तर तिथंबी लक्ष ठेवा, नेटवर्कचा पत्ता डोंगलचा असतो, दोन्ही लॅपटॉप एकच वाटू शकतात.

मला सगळ्यात आवडलं ते हिस्टरीचं पान. डिस्पॅचच्या मशीनची 8 जीबी रॅम 4 झालेली दिसली, तारखेसकट. मी तावातावानं ट्रेनीला घेऊन सगळ्यांना विचारत फिरलो, रिपेअरवाल्यावर पण संशय घेतला, आणि मग आठवलं, गणपतीच्या आधी सीसीटीव्हीच्या पीसीला मीच ती कांडी काढून लावलेली. ट्रेनी अजून हसतोय.

कमी काय, तर जागा. मशीन कुठल्या टेबलावर, कुणाकडं, हे त्याला आपोआप कळत नाही, ते आपणच भरायचं. लिस्टमध्ये "जीएमकेबिन" नावाचं एक मशीन दिसलं, आता त्या केबिनमध्ये तर फोटोकॉपीचं मशीन हाय. शोधत शोधत गेलो तर प्लांटच्या वजनकाट्यावर, धुळीनं पांढरा झालेला, तोच तो एचपी काळा! म्हणून प्रत्येक सीपीयूला नंबरचा स्टिकर चिकटवला आणि तोच नंबर सॉफ्टवेअरमध्ये टाकला. यूपीएसची नोंद पण हातानंच.

आठ-दहा मशीनं असतील तर ह्याच्या नादाला लागू नका, वहीत लिहा. तीसच्या वर असतील आणि लिनक्सची थोडी ओळख असेल तर डोळे झाकून घ्या, पाचातले साडेचार, अर्धा त्या टिकेपायी कापला.

मालकांचं उत्तर पण मिळालं. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी नायतर पुढची लागते, प्रोसेसरच्या नावावरनं लिस्ट गाळली तर आय5-7400 सारखी 23 मशीनं बाहेर पडली, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोयबी विंडोज 11 ला लागते, ती चालू हाय का ते मात्र उरलेल्यांवर जाऊन बघितलं. प्रिंट काढून मालकांच्या टेबलावर ठेवली. बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "वजनकाट्याचं चालतंय नव्हं? मग राहू दे ते."