शाळेच्या पोषण आहारात सेंद्रिय काय आणायचं आणि कुठनं?

शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये 'पोरांना सेंद्रिय द्यायचं' असा विषय निघाला की सगळे हो म्हणतात, आणि मग गाडी पैशावर येऊन अडते. कोल्हापूर भागातल्या शाळेला काय काय करता येईल ते बघूया, पण आधी अख्खं ताट सेंद्रिय करायचं डोक्यातनं काढा. जिल्हा परिषदेच्या शाळेत तांदूळ सरकारी येतो, पहिली ते पाचवीला रोज 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150, तो काय आपण बदलू शकत नाही. भाजी (लहानांना 50 ग्रॅम, मोठ्यांना 75) आणि पूरक आहार म्हणजे केळं, गूळ-शेंगदाणे, नाचणीचं काहीतरी, एवढं मात्र आपल्या हातात आहे, आणि तेवढ्यानं खूप फरक पडतो.

दुकानातला 'जैविक भारत' या सेंद्रियच्या सरकारी लोगोवाला पॅकबंद माल घ्यायचा तर कागदपत्र चोख असतात, तपासणी बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीनं केलेली असते, डाळी-कडधान्यांना तो ठीक. पण महाग. फी घेणाऱ्या निवासी शाळेला परवडेल, आपल्या झेडपीच्या शाळेला नाही, आणि पालेभाजी तर पाकिटातनं आणण्यात अर्थच नाही.

शेतकरी गटाकडनं घेणं मला सगळ्यात पटतं. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या सेंद्रिय शेतीची हमी द्यायची पद्धत, तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो, ते एकमेकांची शेतं तपासतात, त्यामुळं सर्टिफिकेटचा खर्च फारसा येत नाही आणि आपल्यालाही कधीही बांधावर जाऊन बघता येतं. सकाळी काढलेली पोकळ्याच्या पालेभाजीची पेंडी खिचडी चढायच्या आत शाळेत. अडचण पैशाची, कारण शेतकऱ्याला रोख लागतात आणि अनुदान वेळेवर येईलच असं धरून चालता येत नाही, म्हणून हिशेब महिन्याचा का आठवड्याचा हे आधीच बोलून घ्या, नाहीतर दोन महिन्यात गट भाजी बंद करतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. आणि सेंद्रिय आहे म्हणून भाजी न धुता चालेल असं स्वयंपाकाच्या मावशींना कुणी सांगू नका, शेणखतातल्या मातीतनं आलेली असते ती, दोन-तीन पाण्यातनं काढायलाच पाहिजे.

परसबाग पोरांना शिकवायला फार चांगली, पण हिशेब करा, 100 पोरं म्हटली तरी रोज 5 किलो भाजी लागते, शाळेच्या तुकड्यातनं रोज एवढी निघत नाही आणि मे महिन्यात पाणी घालायला कोण नसतं. त्यामुळं सुट्टीत टिकतील अशी झाडं लावा, शेवगा, कढीपत्ता, पपई. शेवग्याचा पाला आमटीत पडला तरी खूप झालं.

पैसे मर्यादित असतील तर मी ते आधी पालेभाजी आणि गुळावर घालीन. पालेभाजीत फवारणी ज्या पानावर होते तेच पान पोटात जातं, कांद्याचं तसं नाही, वरची सालं निघून जातात, म्हणून कांदा-बटाटा बाजारातला साधाच घ्या. गुळाचं म्हणाल तर रंग उजळायला हायड्रोस नावाचं रसायन घालतात हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको, पण नुसता काळपट दिसला म्हणून सेंद्रिय समजू नका, गुऱ्हाळावर जाऊन बघून गुळाचा रवा (ढेप) घ्या.

नाचणीला तर सर्टिफिकेटचा हट्टच नको. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरात ती पावसावर होते, फवारणी तशीही कमीच. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिश तांदळात 10 च्या आसपास. आठवड्यातनं एकदा आंबील किंवा गूळ घालून लाडू एवढं जरी जमलं तरी माझ्या मते महागड्या सेंद्रिय डाळीपेक्षा ते जास्त कामाचं.

सुरुवात जूनमध्ये करू नका, पावसात भाजी कमी आणि महाग, गटाला शब्द पाळता येत नाही. दिवाळीनंतर करा, तेव्हा मेथी, चाकवत भरपूर येतं आणि गुऱ्हाळंही सुरू झालेली असतात.