बाई चांगली, कागद वाईट: फोंड्यातली एक आहार-सल्ला सेवा

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं उरकून मला दोन वर्षं होतील. आता फक्त लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणारी गोळी चालू आहे. उपचार संपले आणि नातेवाईक सुरू झाले. जाऊबाईंनी आंबट बंद केलं, शेजारणीने लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा आणून दिला, व्हॉट्सॲपवर साखर विष ठरली. शेवटी लेकाने फोंड्यातल्या एका क्लिनिकमध्ये नेलं. नाव देत नाही, कारण तक्रारही आहे.

पहिली भेट पंधरा मिनिटांची. वजन घेतलं, उंची मोजली आणि इंग्रजीत छापलेला कागद हातात दिला. त्यावर ओट्स, ब्रोकोली, ॲव्होकॅडो, ऑलिव्ह तेल. मी शिक्षिका होते, वाचता आलं. पण माझ्यासोबत केमोला बसणाऱ्या बायकांपैकी अर्ध्याजणींना हा कागद कशाला? तळाशी ‘आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम’. कसा करायचा, हात दुखला तर काय, काहीच नाही. सहाशे रुपये गेले.

दुसऱ्या भेटीला लेकाने ओढून नेलं. या वेळी वेगळी मुलगी होती, पेडण्याकडची. कागद बाजूला सारून म्हणाली, “काकी, काल उठल्यापासून काय काय खाल्लंत ते सांगा.” सांगितलं: पेज आणि तोर (मिठात मुरवलेली कैरी), दुपारी उकड्या तांदळाचा भात नि बांगड्याचं हुमण, चार वाजता चहाबरोबर बिस्किटं, रात्री परत भात. तिने हुमण काढलं नाही! भाताची एक मूद कमी, तिच्या जागी भाजी. तळलेला बांगडा कधीतरी. तोराची एकच फोड, कारण मीठ. बिस्किटांऐवजी चणे किंवा नाचणीचं तिझन (पातळ खीर), गूळ बेताने. साखरेबद्दल म्हणाली की शरीरातल्या सगळ्याच पेशी साखर वापरतात, ती सोडून कॅन्सर उपाशी मरत नाही. गोडाने वजन वाढतं, काळजी त्याची. काढा माणसांवर सिद्ध झालेला नाही, म्हणून बंद. हळद जेवणात हवी तेवढी, पण हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

मग हाताचं. डाव्या काखेतल्या लसिका गाठी काढल्यापासून ‘जड उचलू नका, हात सुजेल’ एवढंच ऐकलं होतं. दोन वर्षं आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर बसले नव्हते. नारळ सून खवायची आणि मी बघत राहायची. ही म्हणाली, तो सल्ला आता जुना झाला. २००९ साली छापून आलेल्या एका अमेरिकी चाचणीत स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलं, तरी हाताची सूज वाढली नाही. तरीसुद्धा आधी माझ्या सर्जनना फोन लावला, हे मला आवडलं. सुरुवात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने. बांगड्या घट्ट वाटल्या, हात जड झाला तर थांबायचं आणि दाखवायचं. लेट्रोझोलच्या गोळीने हाडं ठिसूळ होतात, त्यासाठीही असा व्यायाम लागतो म्हणे. सहा आठवड्यांनी मी अर्धा नारळ खवला. सोलकढी त्या दिवशी जरा पांचट झाली, ते सोडा.

दीडशे मिनिटांचंही तिने सोपं केलं: देवळापर्यंत जाऊन येणं दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, आठवड्यातले पाच दिवस. फर्मागुडीचा चढ सध्या नको.

एक प्रश्न मात्र लेकासमोर विचारायला नको होता: “काकी, हुर्राक घेता?” काजूच्या बोंडांची ही दारू हंगामात बागायतीत घोटभर घेते, खोटं कशाला बोलू. तिने नाक मुरडलं नाही. दारू आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध पक्का आहे, घोटभरही टाळलेला बरा, एवढं सांगून पुढे गेली. लेक मात्र घरी येईपर्यंत हसत होता.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण त्या कागदाचे आणि सहाशे रुपयांचे कापले. ती मुलगी फक्त मंगळवार-शुक्रवारी असते. वेळ घेतानाच विचारा. पहिला मजला आहे, लिफ्ट दोन्ही वेळा बंद होती. औषधांची फाइल आणि रोज जेवता ती वाटी सोबत न्या, ती मापाला मागते.