वाडीचं डिझेल पंपाचं गॅरेज: जुन्या 1613 चे सप्लाय-रिटर्न पाइप इथे सरळ झाले

नागपुरात अजून जुनी गाडी चालवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. आमची गाडी म्हणजे टाटा 1613 ट्रक, 697 इंजिन, लांबट इनलाइन पंपवाली (हा मोठा पंप नोझलांना दाबाने डिझेल देतो, नोझल ते इंजिनात फवारतात). काटोलकडची संत्री, सोयाबीन कळमन्याच्या मार्केटला आणते. मध्यंतरी एका गॅरेजात टाकी उतरवून धुतली आणि तेव्हापासून गाडी वाटेत बंद पडायला लागली. हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या) मारून लाइनमधली एअर काढली की सुरू, थोडं पुढे गेलं की पुन्हा ठप्प. कोणी फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) बदला म्हणे, कोणी आख्खा मोठा पंपच उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून सेटिंगला, टाका म्हणे.

वाडीला अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांमागे डिझेल पंप-नोझलचं एक छोटं गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींनी पाना हातात घ्यायच्या आधी एकच विचारलं, "भाऊ, टाकी फुल्ल असली का गाडी बरोबर चालते ना?"

चालत होती. काटा अर्ध्याखाली आला की त्रास.

"मग पंपाले हात नका लावू. टाकीवरचे पाइप उलटे बसले असन."

टाकीतून इंजिनकडे डिझेल नेतो तो सप्लाय पाइप, उरलेलं डिझेल टाकीत परत आणतो तो रिटर्न. टाकीच्या आत सप्लायची नळी पार तळाजवळ जाते, आमच्या टाकीत रिटर्नची मात्र अर्ध्यावरच संपते. पाइप उलटे बसले की इंजिन त्या आखूड नळीतून डिझेल ओढतं. टाकी भरलेली असेपर्यंत काही कळत नाही. डिझेल नळीच्या खाली गेलं की नुसती हवा.

मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी अंदाजाने पाइप फिरवले नाहीत. सप्लायचा पाइप बहुधा जाड असतो, पण जुन्या गाडीत आजवर कोणी कुठला पाइप टाकला असेल त्याचा भरवसा नाही, म्हणून जाडीवर जायचं नाही, असं ते म्हणाले. सुरुवात फीड पंपापासून केली. ज्या पाइपातून डिझेल फीड पंपात येतं तो सप्लाय. तिथून फिल्टर, फिल्टरमधून मोठा पंप. पंपाच्या अंगावरच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून जास्तीचं डिझेल बाहेर पडतं, नोझलवरून येणारी बारीक लाइन त्याला मिळते, तो रिटर्न. मग टाकीकडची दोन्ही टोकं सोडून एक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवलं, दुसरं कॅनच्या तोंडावर धरलं आणि पोराला प्रायमर मारायला लावला. बुडवलेला पाइप ओढायला लागला. दुसऱ्यातून आधी फेस आला, मग बारीक सलग धार. म्हणजे ओढणारा सप्लाय, धारवाला रिटर्न. टाकीवर बघितलं तर खरंच उलटे जोडलेले होते.

तेवढ्यावर थांबले नाहीत. फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाइपाचा तुकडा लावून इंजिन चालू केलं, तर अजून बारीक बुडबुडे येत होते. ओढणाऱ्या बाजूला सांधा ढिला असला तर डिझेल गळत नाही, हवा आत शिरते, त्यामुळे बाहेरून सगळं कोरडं दिसतं. बंजो बोल्टचे (पाइप जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे जुनेच वॉशर पुन्हा बसवलेले निघाले. नवे टाकले, बुडबुडे गेले, तुकडा लगेच काढून टाकला. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हही खोलून दाखवला. त्याच्या जागी व्हॉल्व्ह नसलेला साधा पोकळ बोल्ट लावला तर पंपातलं प्रेशर टिकत नाही आणि गाडीचा पिकअप जातो. आमचा शाबूत होता. शेवटी सप्लायवर लाल आणि रिटर्नवर पिवळा पट्टा ओढून दिला, टाकीकडेही आणि इंजिनकडेही.

मजुरी 700 रुपये, वॉशर आणि क्लिपा वेगळ्या. ज्या कामासाठी पंप उतरवायचा सल्ला मिळत होता, त्या कामाचे हे पैसे मला अतिशय रास्त वाटले.

कमतरता आहेत. छापील बिल मिळत नाही, चिठ्ठीवर हिशोब लिहून देतात. सावली नाही, मे महिन्यात दुपारी तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षाच. मोठी गाडी वळवायला जागा कमी आहे, आणि दुपारनंतर पोचलात तर नंबर दुसऱ्या दिवशीच लागतो. सकाळी दुकान उघडता उघडता गाठा आणि टाकी अर्ध्याखाली असतानाच जा. फुल्ल टाकीत हा दोष दिसत नाही.