मॉडेलवरून स्क्रीन: कोड लिहून घ्यावा की चालू असताना उभी राहू द्यावी?

डेटा मॉडेलवरून, म्हणजे कोणत्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांत कोणती फील्ड असतील याच्या वर्णनावरून, व्यवसायाच्या कामाचे ॲप्लिकेशन आपोआप तयार करून घ्यायचे असेल, तर साधन निवडण्याआधी पद्धत निवडावी लागते. जेहिप्स्टरसारखे जनरेटर मॉडेल वाचून फॉर्म, याद्या, एपीआय (इतर प्रोग्रॅमशी डेटाची देवाणघेवाण करण्याची सोय) आणि चाचण्या यांचा सगळा कोड लिहून आपल्या हाती देतात. जँगो या पायथनमधील वेब-चौकटीचे (फ्रेमवर्कचे) ॲडमिन, म्हणजे नोंदी सांभाळण्याचा तयार भाग, किंवा जावातील ओपनझावा असा कोड लिहीत नाहीत. ॲप्लिकेशन चालू असताना ते मॉडेल वाचतात आणि त्यावरूनच स्क्रीन दाखवतात. साठा आणि पुरवठादार यांच्या नोंदींची दोन कामे मी या दोन पद्धतींनी केली.

जनरेटरचा पहिला आठवडा फार सुखाचा गेला. प्रत्येक ओळ डोळ्यांसमोर असते, हवी तशी बदलता येते, आणि कोणत्याही चौकटीची मनधरणी करावी लागत नाही. त्रास सुरू झाला तो पुरवठादाराच्या नोंदीत एक फील्ड वाढवावे लागले तेव्हा. एन्टिटी (नोंदीचे कोडमधील रूप), मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या सूचना), फॉर्म, यादी, तपशिलाची स्क्रीन, चाचण्या अशा सगळ्या फाइली त्या एका फील्डसाठी बदलणार होत्या, म्हणून मी जनरेटर पुन्हा चालवला. प्रत्येक फाइलपाशी थांबून तो विचारू लागला की जुनी ठेवू की नवी लिहू. फरक पाहत पाहत उत्तरे देताना एका फॉर्मवर मी ‘नवी’ म्हणून बसलो आणि तारखांची हाताने लिहिलेली तपासणी पुसली गेली. चुकीच्या तारखा नोंदींत दिसू लागल्यावरच ते कळले. शिवाय त्याने नवे मायग्रेशन जोडण्याऐवजी जुनेच बदलले होते, त्यामुळे चेकसम (मजकूर बदलला का हे ओळखण्याचा आकडा) जुळेना आणि प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर ॲप्लिकेशन सुरूच होईना. नव्या आवृत्तीत किंवा वेगळ्या पर्यायाने हे टळत असेलही. पण त्यानंतर आम्ही जनरेटरला हात लावला नाही, सगळे बदल हातानेच केले, आणि मॉडेलचे मूळ वर्णन काही महिन्यांतच निरुपयोगी झाले. माझा निर्णय तिथेच झाला.

जँगोमध्ये तेच फील्ड मॉडेलमध्ये एका ओळीत लिहिले, मायग्रेशन तयार करून चालवले आणि फॉर्ममध्ये ते आपसूक दिसले. यादीत दाखवण्यासाठी आणखी एक शब्द पुरला. तिथेही अडचणी आल्या, पण त्या एका जागी सुटणाऱ्या होत्या. उदाहरणार्थ, दुसऱ्या टेबलातील नोंद निवडण्याचा ड्रॉपडाउन सगळ्याच नोंदी भरतो, आणि त्या हजारोंनी असल्या की पान रखडते. जँगो २.० पासून मिळणाऱ्या ऑटोकम्प्लीटने ते एका ओळीत मिटले.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार आहे. रेल्स या रुबीमधील वेब-चौकटीने २००७ साली २.० आवृत्तीत चालू असताना स्क्रीन उभी करणारे स्कॅफोल्डिंग (मॉडेलवरून स्क्रीनचा सांगाडा तयार करण्याची सोय) काढून टाकले आणि कोड लिहून देणारेच ठेवले. जँगोचे दस्तऐवजही ॲडमिनचा वापर संस्थेच्या अंतर्गत व्यवस्थापनापुरता ठेवावा असेच सुचवतात. मॉडेलवरून उभी राहिलेली स्क्रीन वापरणाऱ्याला टेबलांची मांडणी दाखवते, त्याचे काम कसे चालते ते दाखवत नाही. माल परत पाठवण्याच्या एका कामासाठी आमच्याकडे तीन स्क्रीन उघडाव्या लागत. यावर रिचर्ड पॉसन यांच्या ‘नेकेड ऑब्जेक्ट्स’ या पद्धतीचे उत्तर मला पटते: कृती मॉडेलमध्येच लिहाव्यात, म्हणजे त्याही फील्डप्रमाणे आपोआप स्क्रीनवर येतात. आयर्लंडच्या समाजकल्याण खात्याने निवृत्तिवेतनासारखे गुंतागुंतीचे काम या पद्धतीने चालवले आहे. आम्हीही ‘माल परत’ ही कृती नोंदीवरच बटण म्हणून आणली, आणि त्या तीन स्क्रीनची गरज उरली नाही.

ॲप्लिकेशन बाहेरच्या ग्राहकांसाठी असेल आणि मॉडेल बऱ्यापैकी स्थिर असेल, तर जनरेटर घेणे मला चूक वाटत नाही. मात्र तेव्हा हाताने लिहिलेला कोड पहिल्या दिवसापासून जनरेटर स्पर्श करणार नाही अशा वेगळ्या फाइलींत ठेवावा. मॉडेल दर महिन्याला बदलत असेल, तर मी पुन्हा जँगोचीच वाट धरेन.