खरबुजाच्या एन्झाइमची कॅप्सूल: सात महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये सुरू केली, परवा सातवी डबी संपली. रोज सकाळी एक, उपाशीपोटी. कारण एकच: स्कूटरवरून ऑफिसला जाताना उन्हाने दोन्ही हातांवर उठणारं पुरळ. भाची म्हणाली, "मावशी, क्रीम पुरे, आता आतून काहीतरी घे."

डबीवर लिहिलं होतं एसओडी, म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, खरबुजातून काढलेलं. या एन्झाइमचं काम 1969 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी उलगडलं. पेशींमध्ये तयार होणाऱ्या सुपरऑक्साइडचं, म्हणजे ऑक्सिजनच्या एका अपायकारक रूपाचं, ते ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पुढे कॅटलेज नावाचं दुसरं एन्झाइम त्या पेरॉक्साइडचं पाणी करतं. दोन्ही आपल्या शरीरात बनतातच. शिवाय एन्झाइम म्हणजे प्रथिन. गिळलं की वरणासारखं पचणार, नाही का?

म्हणून मेडिकलमधून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं आणि कच्च्या बटाट्याच्या चकतीवर चार थेंब टाकले. फसफसून पांढरा फेस! ते बटाट्यातलं कॅटलेज. दुसरी चकती कुकरमधून काढून गार केली, तिच्यावर टाकले. ढिम्म. इतकं नाजूक प्रकरण.

पोटातल्या आम्लातून ते तरावं म्हणून माझ्या कॅप्सूलमध्ये ग्लायाडिन होतं. म्हणजे गव्हातलं प्रथिन! हे छापलं होतं नेमकं किमतीच्या स्टिकरखाली. माझ्या जावेला सीलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही, आणि मी तिला एक डबी देणार होते. याचा राग अजून गेलेला नाही.

आता परिणाम. जूनअखेर पुरळ गायब. मी ऑफिसात चौघींना सांगितलं, दोघींनी लगेच मागवली. ऑक्टोबर हीट आली आणि तिसऱ्या दिवशी पुरळ परत, कॅप्सूल चालू असताना. मधले तीन महिने मी रेनकोटात होते, हे तेव्हा सुचलंच नाही.

थकव्याचंही तेच. 2009 च्या एका अभ्यासात 70 निरोगी माणसांना खरबुजाचं एसओडी चार आठवडे दिलं, तर ताण आणि थकवा कमी वाटल्याची नोंद आहे. मी सात महिने घेतलं. संध्याकाळी सहाला पाय तसेच भरून येतात. अपाय मात्र काही झाला नाही. फक्त महिन्याला अठराशे रुपये.

सध्या सनकोट, पूर्ण हातमोजे आणि त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन. पुरळ बरंच आटोक्यात. त्या दोघींपैकी एकीची डबी अजून सीलबंद आहे. दुकानदार परत घेतो का, ते मीच विचारून येणार आहे.