सिल्व्हर पेंटखालचा गंज

गेल्या आठवड्यात अकोल्याकडच्या एका नवख्या हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, मला तीन फोटो पाठवले. चाळीस फुटी टॉवर, दहा-दहा फुटांचे चार तुकडे, हॉट डिप गॅल्व्हनाइज (गंजू नये म्हणून जस्ताचा थर) केलेला, उभारणीसकट देतो म्हणतात, घेऊ का सर? फोटो उघडले आणि अंगावर काटा आला. तीच निळ्या पत्र्याची भिंत, तिला टेकवलेले तेच तुकडे. दीड वर्षापूर्वी हेच फोटो मला आले होते.

आमचं गाव दारव्ह्यापासून बरंच आत. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइन नसते आणि बॅटरी उतरली की मोबाइलचा टॉवरही गप्प होतो. अशा वेळी गावातून बाहेर आवाज जावा, ही माझी मनापासूनची इच्छा. म्हणून शाळा सांभाळून परीक्षा दिली, लायसन्स काढलं, कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं सरकारमान्य नाव, मिळाला. चाळीस मीटर बँडचा (रेडिओ लहरींचा एक पट्टा) डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, वीस मीटर लांबीचा. तो उंच बांधायचा, तर टॉवर हवा.

विकणाऱ्याचा नंबर एका ग्रुपवर मिळाला. पहिल्याच फोनवर त्याने व्हीयू२ने सुरू होणारा कॉलसाइन सांगितला आणि बोलणं संपवताना म्हणाला, ‘सेव्हन्टी थ्री, गुरुजी.’ हॅम लोकांत हा आकडा म्हणजे शुभेच्छा. तेवढ्यावर मी त्याला आपला माणूस समजलो. सकाळी चाळीस मीटरच्या नेटवर, म्हणजे रेडिओवर हॅम लोक ठरवून जमतात तिथे, दोघांना विचारलं असतं, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पुढे विचारलं तेव्हा कळलं, तो कॉलसाइन एका भलत्याच ज्येष्ठ गृहस्थांचा आहे आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं. आपल्या छंदात अनोळखी माणूसही अर्ध्या रात्री मदतीला बोलतो. त्या विश्वासाचाच त्याने वापर केला.

भाव ठरला ४२,००० रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, ‘बिल घेतलं तर अठरा टक्के जीएसटी लागते. तुमच्याकडून काऊन घ्यायचं?’ ३०,००० यूपीआयने पाठवले. पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. ‘वहिनीचं खातं हाय,’ म्हणाला. मी तिथेच थांबायला हवं होतं.

उभारणी त्याने नेमकी माझ्या परीक्षेच्या ड्यूटीच्या दिवशी ठेवली. संध्याकाळी पाचला घरी आलो, तर टॉवर उभा आणि खड्डा सिमेंटने बुजलेला. बोलणं चार फूट खोल खड्ड्याचं झालं होतं. आत किती आहे हे आता कोण बघणार? चांदीसारखा चमकणारा टॉवर पाहून घरचे खूश, मीही खूश. उरलेले १२,००० हातात दिले.

आमची जमीन काळी, कापसाची. पावसात ती फुगते आणि एप्रिल-मेच्या उन्हात अशी फाटते की भेगेत अख्खा हात जातो. असल्या जमिनीत वरवर ठोकलेली खुंटी एका मोसमात सैल होते. एप्रिलमध्ये टॉवरला तिन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा, म्हणजे ताण, ढिले पडले. ताण आवळायचे पेच, म्हणजे टर्नबकल, आवळले, आठ दिवसांत पुन्हा तेच. तिकडे अँटेनाच्या केबलच्या कनेक्टरला सोल्डर धरेना. बाहेरची जाळी तांब्याची म्हणून दिलेली, निघाली अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियमला साधं सोल्डर चिकटत नाही. तरी मला वाटलं, केबल तेवढी खराब निघाली.

मे महिन्यात वरची पुली बदलायला पुतण्या चढला. बावीसेक फुटांवर त्याच्या पायाखालची आडवी पट्टी तुटली. कमरेला बेल्ट अडकवलेला होता म्हणून तो लटकला, खाली पडला नाही. एकेक पाय चाचपत उतरला तेव्हा त्याच्या हातात पापडासारखे लोखंडाचे पापुद्रे होते. ‘काका, आत काईच नाही. नुसता रंग हाय,’ म्हणाला. त्याच्या आईसमोर उभं राहायची मला त्या दिवशी हिंमत झाली नाही.

त्यानंतर कुणालाही वर चढू दिलं नाही. दारव्ह्याहून हायड्रा क्रेन मागवली, टॉवर वरून धरला आणि पायथ्याशी कापून आडवा केला. मग खड्डा उकरला. काँक्रीट जेमतेम दीड फूट. पाइपचे तिन्ही पाय त्यात तळाशी बंद करून पुरलेले, आत शिरलेल्या पाण्याला निघायला वाट नाही, म्हणून पाय जमिनीलगत आतून सडलेले. ताणांच्या खुंट्या दोन फुटी सळ्या. आणि टॉवरपासून ११ केव्हीची विजेची लाइन तीस फुटांवर. टॉवर चाळीस फुटांचा. पहिल्या वादळात तिकडे कलला असता तर काय झालं असतं, हे मी नुसतं मनात आणलं तरी झोप उडते. जागा त्यानेच दाखवली होती आणि मी फीत लावून मोजली नाही.

जुना टॉवर घेणाऱ्यांनी पाइपच्या तोंडातून आत बघावं. हॉट डिपमध्ये अख्खा तुकडा वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्यामुळे आतूनही तोच राखाडी थर असतो आणि वेल्डिंगवरही. बुडवण्यासाठी बंद पाइपला भोकं ठेवावीच लागतात, नाहीतर आत कोंडलेल्या हवेने आणि ओलीने तो फुटू शकतो. दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद आणि भोक एकही नाही, तर तो तुकडा जस्ताच्या टाकीत गेलेलाच नाही. फडक्यावर थिनर घेऊन घासा. चंदेरी रंग फडक्यावर उतरला, तर तो पेंट. मग छोट्या हातोडीने पायथ्यापासून वर ठोकत जा. चांगला पाइप खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. खड्डा भरण्याआधी स्वतः समोर उभे राहा आणि टेपसकट फोटो काढा.

त्या माणसाने दोन दिवस फोन उचलला, मग नंबर ब्लॉक केला. बिल नाही, पण यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं ‘हॉट डिप गॅरंटी’ हे त्याचं लेखी वाक्य माझ्याकडे आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. तारखा चालू आहेत. कुणी फसलं असेल तर चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट लगेच काढा.

डायपोल सध्या अंगणातल्या कडूनिंबाला बांधला आहे, पंचवीस फुटांवर. अकोल्याच्या त्या मुलाने अजून अॅडव्हान्स दिलेला नाही. रविवारी तो माल बघायला जाणार आहे. थिनरची बाटली, हातोडी आणि टॉर्च घेऊन मी त्याच्यासोबत जातो आहे. पुतण्याही येतो म्हणाला आहे.